उदारामनं तिकडे काय खाल्लं

नवेगाव बांधच्या तळ्याकाठी मासोळी धरणाऱ्या ढिवरांची पंचवीस-तीस घरं होती. त्यातलं शेवटून दुसरं घर उदाराम वलथरेचं. अंगानं बारीक, पण खांदे भक्कम. डोंग्यात उभा राहून फेकजाळं टाकायचा तेव्हा जाळं पाण्यावर भाकरीसारखं गोल पडायचं. त्याचं लग्न झालं होतं आणि दोन वर्षांची एक मुलगी होती, धनवंता. बाप जेवायला बसला की ती त्याच्या ताटाशी येऊन बसायची आणि मासोळीतली गाबोळी तेवढी वेचून खायची. बाकीच्या मासोळीशी तिला देणंघेणं नव्हतं.

एकोणीसशे सतराच्या हिवाळ्यात मालगुजाराचा कामदार ढिवरपुऱ्यात आला. सरकारची लढाई चालू होती, समुद्रापलीकडे अरबांच्या मुलखात, बसऱ्याकडे. तिथल्या नद्यांवर होड्या चालवायला माणसं पाहिजे होती. गावोगावी सांगून ठेवलं होतं की अमुक इतकी नावं आलीच पाहिजेत. कामदारानं कागद उघडला आणि ढिवरांमधून चैतरामचं नाव वाचलं. चैतराम हा उदारामचा थोरला भाऊ. त्याला चार लेकरं होती आणि आई त्याच्याच घरी खाटेला लागलेली होती.

चैतराम नुसता जाळ्याच्या गाठी चाचपत बसला. उदाराम पुढं झाला आणि म्हणाला, "दादाचं नाव खोडा जी. माहं लिवा."

ही गोष्ट तो घरी पोचायच्या आधीच घरी पोचली होती. त्याची बायको फुलवंता चुलीपुढं बसली होती. तिनं वर न पाहता विचारलं, "कायले जाता जी?"

"दादाले चार लेकरं हायेत."

"अन् आपली एक हाये, तिचं काय?"

उदाराम दोन वर्षांत येतो म्हणाला. येताना धनवंतासाठी तिकडचा खाऊ आणतो म्हणाला. निघायच्या दिवशी फुलवंतानं त्याच्या धोतराच्या घड्यांमध्ये सुकवलेल्या झिंग्यांचं एक गाठोडं बांधून दिलं.

छोट्या गाडीनं तो गोंदियाला आला. तिथे स्टेशनाबाहेर एका मुन्शीनं अंगठा घेतला आणि पितळेचा बिल्ला गळ्यात घातला. मोठ्या गाडीत त्याच्या शेजारी दवनीवाड्याचा टेकचंद नावाचा पोवार बसला होता. धानाची शेती असलेल्या घरातला, बापाशी भांडून निघालेला, चांगला सहा फूट माणूस. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "कोण जात?"

"ढिवर."

"बेस झालं," टेकचंद म्हणाला. "ढिवराच्या हातचं पाणी चालते आम्हाले. माहं पाणी तूच भरजो."

आणि खरोखरच पुढचं दीड वर्ष टेकचंदचं पाणी उदारामनंच भरलं. टेकचंदनं आपली चूल वेगळी मांडली. तिच्याभोवती रोज कोळशानं एक रेघ ओढायची, तिच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. जहाजावरचे सात दिवस तो चणे आणि गूळ खाऊन राहिला. उदाराम मात्र ते सात दिवस काहीच खाऊन राहिला नाही, कारण पोटात गेलेलं सगळं समुद्रात जात होतं.

बसऱ्याला उतरल्यावर त्याला पहिल्यांदा बरं वाटलं ते झाडं पाहून. नदीच्या दोन्ही काठांना, नजर जाईल तिथवर आपल्या शिंदीसारखी खजुराची झाडं. पण जेवणाचं काही खरं नव्हतं. रेशनात आटा मिळायचा, दाळ मिळायची, तूप मिळायचं. उदारामच्या हाताला कणीक मळायची सवय नव्हती. त्याच्या रोट्या एका बाजूला जळायच्या, दुसऱ्या बाजूला कच्च्या राहायच्या. आठवड्यातून दोनदा रंगूनचा तांदूळ यायचा. जुना, किडका, बारदानाचा वास मारणारा. शिजला की दाणा दाण्याला चिकटायचा आणि तोंडात नुसता लगदा व्हायचा. पोट भरायचं, पण जेवलो असं वाटायचं नाही.

जन्मभर त्यानं घरी काय खाल्लं होतं? लुचईचा जाड भात, लाखोळीची दाळ, मासोळीचा रस्सा, उन्हाळ्यात आंबील. चिन्नोर तांदळाचा तर त्यानं फक्त वास घेतला होता. दिवाळीला मालगुजाराच्या वाड्यात चिन्नोर शिजायचा, तेव्हा मासोळी पोचवायला गेलेला माणूस परसदारी जरा रेंगाळायचा, इतकंच. तोच जाड लुचईचा भात आता त्याला डोळ्यापुढं दिसायचा. होडीचं सुकाणू धरून बसला असताना तोंडाला पाणी सुटायचं. फुलवंतानं दिलेले झिंगे त्यानं महिनाभर पुरवले. शेवटी शेवटी तर तो ते खायचा नाही, गाठोडं उघडून वास घ्यायचा आणि बांधून ठेवायचा. सगळे संपल्यावर ते फडकं त्यानं धुतलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे अठरा साली, त्यांची होडी नदीनं वर दलदलीच्या मुलखात गेली. लष्कराच्या छावण्यांना छपरं घालायला तिथून बोरूचे भारे आणायचे होते. तो मुलूख कुणी सांगितला असता तर उदारामनं खोटं म्हटलं असतं. चहूकडे पाणीच पाणी, त्यात माणसाच्या दुप्पट उंच बोरू, आणि त्या बोरूमधून म्हशी पोहत जात होत्या. घरंही बोरूचीच, पाण्यात भर घालून केलेल्या बेटांवर बांधलेली. उदाराम होडीच्या टोकाशी उभा राहून बघत राहिला. टेकचंद नाक मुरडून म्हणाला, "इथं मानूस राह्यते तरी कसा?"

"आमीबी असेच राह्यतो," उदाराम म्हणाला.

तिसऱ्या दिवशी उदारामला ताप भरला. त्या साली तो ताप जगभर फिरत होता, पण हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. अंग तव्यासारखं तापलं, उभं राहता येईना. होडीच्या जमादाराला माल घेऊन परत जायची घाई होती आणि बाकीच्यांना ताप लागेल ही भीती. त्यानं एका बेटावरच्या घरी उदारामला उतरवलं, चार शब्द खुणेनं सांगितले, पुढच्या खेपेला नेतो म्हणाला आणि निघून गेला. टेकचंदनं आपल्याजवळचा गूळ उदारामच्या उशाशी ठेवला. जाताना त्यानं बजावलं, "मरशील तं मर, पण यायच्या हातचं खाऊ नको. वापस गेल्यावर जात इचारन."

ते घर जब्बार नावाच्या कोळ्याचं होतं. घरात तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. म्हातारीला सगळे उम्म जब्बार म्हणायचे, म्हणजे जब्बारची आई. काळे कपडे, हनुवटीवर गोंदलेलं, आवाज घोगरा. उदाराम दोन दिवस तोंड मिटून पडून राहिला. गूळ तोंडात धरवेना, दुसरं तो काही घेईना. म्हातारी भांडं घेऊन यायची, "उकुल, उकुल" म्हणायची, म्हणजे खा, आणि हा भिंतीकडे तोंड फिरवायचा.

तिसऱ्या दिवशी म्हातारी भांडं न घेताच आली. तिनं त्याचा उजवा हात धरला आणि उलटा करून पाहिला. जाळ्याची दोरी ओढून ओढून त्याच्या बोटांच्या पेरांवर घट्टे पडले होते आणि करंगळीच्या खाली एक जुना वण होता, दोरीनं कापलेला. म्हातारीनं मुलाला हाक मारली. जब्बार आला. तिनं त्याचा हात उदारामच्या हाताशेजारी धरला. तसेच घट्टे. वणसुद्धा जवळपास तिथंच. म्हातारी मोठ्यानं काहीतरी बोलली आणि हसायला लागली. उदारामला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. हाही ढिवरच आहे, असंच ती म्हणाली असणार.

मग तिनं भांडं आणलं. त्यात पेज होती. तांदळाची पातळ पेज, वर मिठाचे दोन खडे.

उदारामनं वास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. नव्या धानाचा वास होता तो. आपल्याकडे कार्तिकात खळ्यावर येतो तसा, आणि त्यात आणखी एक मंद सुगंध, मालगुजाराच्या परसदारचा. आसपासच्या खाचरांत नुकतीच कापणी झाली होती आणि जब्बारनं मासोळी देऊन नवा तांदूळ आणला होता. उदारामनं भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि पेज पिऊन टाकली. जात, पंच, टेकचंद, कुणीही त्या वेळी त्याला आठवलं नाही. म्हातारीनं भांडं पुन्हा भरून आणलं.

जमादार पुढच्या खेपेला आलाच नाही. लढाई संपली म्हणून सगळ्या होड्या दुसरीकडे वळवल्या होत्या. उदाराम त्या बेटावर सहा आठवडे राहिला, आणि त्या सहा आठवड्यांत म्हातारीनं त्याला काय काय खाऊ घातलं!

अंगात ताकद आल्यावर पहिल्यांदा मासोळी मिळाली. ती लोकं मासोळीला पोटातून चिरत नव्हती, पाठीतून चिरायची. मग ती पुस्तकासारखी उघडून, काड्यांना टोचून, बोरूच्या जाळापुढं उभी करून भाजायची. ना तेल, ना हळद, ना तिखट. उदारामला पहिला घास फिका लागला. हे काय आजाऱ्याचं खाणं, असं वाटलं. पण म्हातारीनं सुकून काळं पडलेलं एक लिंबू फोडलं आणि त्याचा चुरा वर भुरभुरला. ते लिंबू आंबट होतं, कडू होतं आणि त्याला धुराचा वास होता. दुसरा घास उदाराम सावकाश चावत राहिला. जन्मभर आपली आई, आजी, बायको मासोळी रांधत आल्या आणि मासोळीची खरी चव मसाल्याच्या आड राहिली की काय, असं त्याला वाटून गेलं. लगेच या विचाराची लाजही वाटली.

तिथे भाताला तिम्मन म्हणायचे. तांदळाचं पीठ भिजवून तव्यावर जाड रोटी करायचे. ती तर आपलीच तांदळाची भाकर, फक्त दुप्पट जाड आणि राखेचा वास असलेली. सकाळी म्हशीच्या दुधाची साय यायची, वडीसारखी कापता येईल इतकी घट्ट. ती गरम रोटीवर टाकायची आणि वितळायच्या आत खायची. जब्बारची बायको स्वतः कमी घ्यायची आणि पाहुण्याच्या रोटीवर जास्त टाकायची, हे त्यानं पाहिलं होतं.

एकदा शेजारच्या बेटावरचे दोन म्हशीवाले आले. ते भाल्यानं मासे मारायचे, जाळ्याला शिवायचे नाहीत. जब्बारचं जाळं वाळत पडलेलं पाहून त्यांनी एकमेकांकडे बघत तोंड वाकडं केलं. शब्द अरबी होते, पण ते तोंड वाकडं करणं उदारामला ओळखीचं होतं. इथेसुद्धा जाळं टाकणाऱ्याला खालचं मानतात तर. ते गेल्यावर उदारामनं जाळं उचललं आणि बेटाच्या कडेला उभं राहून नवेगावच्या पद्धतीनं फेकलं. पाण्यावर गोल पडलं. जब्बार "या अल्ला" म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून हसला. त्या दिवसापासून दोघं एकत्र पाण्यात जायला लागले.

सगळ्यात नवलाचा पदार्थ म्हातारीनं शेवटी काढला. बोरूसारखीच एक पाणवनस्पती तिकडे होते, तिच्या कणसांवरचा पिवळा पराग त्या बायका वसंतात झाडून घेतात, साखर घालतात आणि वाफेवर घट्ट करतात. हळदीसारखा पिवळा, भुसभुशीत खडा. खिरत म्हणायचे त्याला. तोंडात टाकला की आधी काहीच लागत नाही, कोरडी माती खाल्ल्यासारखं वाटतं, आणि मग हळूहळू गोडी पसरते. ती गोडी उसाची नव्हती, मधाचीही नव्हती. फुलं खाल्ल्यासारखं वाटलं उदारामला. त्यानं खुणेनं विचारलं, थोडं नेऊ का? आणि हात जमिनीपासून चार वीत वर धरून सांगितलं, घरी एवढी पोरगी आहे. म्हातारीनं डब्यातला होता नव्हता तो सगळा खिरत कापडात बांधून दिला.

इतकं सगळं खाताना त्याला घर आठवत नव्हतं असं नाही. उलट जास्तच आठवायचं. रंगूनचा तांदूळ खाताना घर लांब कुठंतरी होतं. इथला भात तोंडात घातला की घर अगदी दारापर्यंत यायचं आणि आत यायचं नाही. तो जेवता जेवता थांबायचा. म्हातारी त्याच्याकडे बघायची आणि पाण्याचं भांडं पुढं सरकवायची.

मग एक होडी आली आणि त्याला घेऊन गेली. निघताना म्हातारी काठावर उभी होती. परत ये, असं कुणी म्हटलं नाही. ते होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकोणीस सालच्या चैत्रात उदाराम आणि टेकचंद बरोबरच गोंदियाला उतरले. स्टेशनावर टेकचंदनं त्याला बाजूला घेतलं. "हे पाय उदाराम, कोनी इचारलं तं सांगजो, चणे खाल्ले, गूळ खाल्ला. बस. मीबी तेच सांगीन." मग दुसरीकडे बघत तो म्हणाला, "बसऱ्याच्या बजारात मीबी एकडाव कबाब खाल्लो गा. तुले म्हनून सांगतो." एवढं बोलून तो दवनीवाड्याच्या बैलगाडीकडे चालता झाला.

उदाराम नवेगावला पोचला तेव्हा दुपार होती. फुलवंता दारात जाळं शिवत बसली होती. त्याला पाहून ती उठली, पाणी घेऊन आली, त्याच्या पायावर ओतलं. तो आत डोकावला. मग मागच्या अंगणात गेला. मग परत येऊन त्यानं विचारलं, "धनू कुठं हाये?"

फुलवंता म्हणाली, "दिवाळीत गेली जी. मानमोडीच्या तापानं. चार दिवस पडून होती."

त्यानं हिशेब करून पाहिला. मग आणखी एकदा केला. तो जब्बारच्या घरी तापात पडला होता, तेच दिवस होते ते. त्यानं पेज प्यायली, त्याच सुमाराला.

पिशवीतून कापडाची पुरचुंडी काढून त्यानं फुलवंताच्या पुढं ठेवली. तिनं ती उघडली, पिवळा खडा पाहिला आणि पुन्हा बांधली. "हे तिच्यासाठी व्हतं," तो म्हणाला. "मंग तिलेच द्या," फुलवंता म्हणाली. दोघं डोंग्यात बसून तळ्याच्या मध्यापर्यंत गेले. उदारामनं खिरत चुरून पाण्यात सोडला. पिवळी पूड बराच वेळ वर तरंगत राहिली आणि लहान मासोळ्या तिच्याभोवती जमल्या.

पंधरा दिवसांनी जातीचे पंच बसले, तळ्याच्या पाळीवरच्या मोहाखाली. परमुलखात जाऊन आलेल्याला विचारल्याशिवाय जातीच्या पंगतीला घेत नव्हते. मुख्य पंच यादोराव हा पिकल्या मिशांचा, खाण्याची आवड असलेला म्हातारा. त्यानं विचारलं, "सांग गा उदाराम. तिकडे काय काय खाल्लास?"

चणे आणि गूळ. दोन शब्दांचं काम होतं. उदारामनं तोंड उघडलं, पण ते शब्द निघेनात. चणे आणि गूळ म्हटलं की उम्म जब्बार नव्हतीच असं होणार, आणि ती नव्हती तर मग हा इथे उभा तरी कसा होता?

"पेज पेलो जी," तो म्हणाला. "मुसलमान बुढीच्या हातची."

लोकांत कुजबुज झाली. यादोराव म्हणाला, "अजून?"

"मासोळी खाल्लो."

"मोठ्या जनावराचं मटन?"

"नाई जी. ते ढिवरच व्हते, मासोळीच खात. पाठीतून चिरत अन् जाळापुढं उभी करून भाजत. तेल नाई, तिखट नाई."

"बिनतिखटाची?" एक पंच मधेच बोलला. "मंग लागे कशी?"

आणि उदाराम सांगायला लागला. बुढी भांडं घेऊन यायची आणि आपण तोंड फिरवायचो ते सांगितलं, काळ्या लिंबाचं सांगितलं, रोटीवर वितळणाऱ्या सायीचं सांगितलं, नव्या तांदळाच्या वासाचं सांगितलं. त्याचा आवाज बदलला, हात हवेत रोट्या थापायला लागले. समोरचे म्हातारे गुन्हा ऐकायला आलेले, ते पुढं सरकून बसले. यादोरावानं मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "साय एवढी घट्ट म्हनतोस, तं म्हशीले चारत काय?" उदाराम म्हणाला, "कवळा बोरू, जी." यादोराव म्हणाला, "असं व्हय," आणि तळ्यातल्या बोरूकडे बघत राहिला.

बायका मागे उभ्या होत्या. उदाराम खिरताचं सांगायला लागला, फुलं खाल्ल्यासारखं लागते म्हणाला, तेव्हा फुलवंता त्यांच्यातून बाहेर पडली आणि घराकडे निघून गेली. त्यानं तिची पाठ पाहिली आणि तो मधेच थांबला.

पंचांनी ठरवल्याप्रमाणे त्यानं डोकं भादरलं, तळ्यात बुडी मारली आणि जातीला भात-मासोळीचं जेवण दिलं. ते सोपं होतं. घरातलं कठीण होतं. फुलवंता भांडली नाही, रडली नाही. फक्त त्या मुलखाचं नाव निघालं की ती उठायची आणि काहीतरी काम काढायची. उदारामनं घरात ते नाव घेणं सोडलं.

पण आठवण कुठं सोडते? कार्तिकात नवा भात शिजला की त्याचा घास हातातच राहायचा. डोंग्यात एकटा असला की तो काठावर उतरून मासोळी पाठीतून चिरायचा, काड्या टोचून जाळापुढं धरायचा, आंबटाला चिंच लावायचा. चव जवळ यायची आणि हुकायची. चोरी केल्यासारखा तोंड धुऊन तो घरी यायचा, आणि फुलवंताला त्याच्या कपड्यांना धुराचा वास यायचा. तिनं कधी विचारलं नाही. त्यांना पुढं लेकरू झालं नाही. चैतरामची लेकरं या घरात खेळली, मोठी झाली, लग्नं होऊन गेली. अशी सतरा वर्षं गेली.

छत्तीस सालच्या फाल्गुनात चैतरामच्या धाकट्या लेकीच्या लग्नाचा बाजार करायला नवरा-बायको गोंदियाला गेले. मुन्नालाल किराणावाल्याच्या दुकानापुढं एक मोठं बोचकं नुकतंच फोडलं होतं. खजुराच्या पानांची विणलेली चटई, तिच्यात दाबून भरलेले काळे, चिकट खजूर. उदाराम चालता चालता थांबला. खजुराकडे न बघता तो खाली वाकला आणि चटईला नाक लावलं.

मुन्नालाल हसला. "क्या सूंघ रहे हो काका? माल बसरे का है, एक नंबर."

उदाराम म्हणाला, "हे रिकामं झालं का चटई मले द्याल का जी?"

मुन्नालालनं मागं पडलेली एक रिकामी चटई त्याच्याकडे फेकली. उदारामनं ती घडी करून काखेत मारली. फुलवंता हे सगळं बघत होती. बाजार झाला, दोघं स्टेशनाच्या बाहेर गाडीची वाट बघत एका कडुलिंबाखाली बसले. उदारामनं चटई मागं लपवल्यासारखी ठेवली होती. फुलवंतानं हात लांबवून ती ओढली, मांडीवर घेतली, तिची वीण बोटांनी पाहिली.

"चांगली इनली हाये," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्या बुढीनं तुमाले पयले काय देल्लन जी? ताप असताना?"

उदारामनं तिच्याकडे पाहिलं. "पेज."

"नव्या धानाची?"

"हो."

फुलवंता म्हणाली, "मीबी धनूले पेजच केली. नवं धान नव्हतं निंगालं, वयनीकडून मूठभर जुने तांदूळ आणले. तिनं तोंड नाई उघडलन. बोट घालून उघडलं तं बाहेर काढलन. चार दिवस मी भांडं घेऊन बसली व्हती." तिनं चटईची घडी केली. "तुमी पंचांपुढं सांगत व्हते ना, का बुढी वाटी घेऊन ये अन् तुमी तोंड फिरवत. मले वाटलं, यायनं शेवटी उघडलन तोंड. तिनं काऊन नाई उघडलन?"

उदारामनं तिचा हात धरला. भर स्टेशनाबाहेर, लोकं बघत असताना, जे त्यानं जन्मात केलं नव्हतं. गाडी आली आणि गेली. मग ते दुसऱ्या गाडीनं गेले. तोवर फुलवंता विचारत होती आणि तो सांगत होता. बुढी दिसायला कशी होती, तिच्या हनुवटीवर काय गोंदलं होतं, सून सासूशी भांडायची का, तांदूळ किती भिजवायच्या. सतरा वर्षांचे प्रश्न होते, आणि एकही लहान नव्हता.

त्यानंतर फुलवंतानं स्वतः एकदा मासोळी पाठीतून चिरली. फार फिकी लागली तिला. तिखट-मीठ लावून तिनं उरलेली खाल्ली आणि उदारामला म्हणाली, "तुमची बुढी मोठी कंजूस व्हती मिरचीची." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

उदाराम चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात गेला, दोन दिवसांच्या आजारानं. फुलवंता त्याच्यामागे बरीच वर्षं होती. तळ्यावर मासोळी धुवायला बसलेल्या बायका तिला विचारायच्या, "काकी, तुमच्या मालकानं तिकडे काय काय खाल्लन वो?" आणि ती मासोळी धूत धूत सगळं सांगायची, पेजेपासून. खिरताशी आली की मात्र तिचे हात थांबायचे. "ते मले सांगता नाई येत," ती म्हणायची. "ते मी खाल्ली नाई अन् तिनंबी नाई खाल्लन." मग ती पाण्यात हात बुडवून पुढची मासोळी उचलायची.